कॉन्स्ट्रिक्ट, स्ट्रेस, अँक्झायटी, अँजायना: आवळण्याचे हे इंग्रजी शब्द एकाच कुळातले आहेत का?

प्रश्न — भाषांतरवाली

हृदयविकाराच्या रुग्णांसाठी तयार केलेल्या एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. तिच्या एकाच पानावर रक्तवाहिन्या ‘कॉन्स्ट्रिक्ट’ होतात, रुग्णाने मीठ ‘रिस्ट्रिक्ट’ करायचे असते, जिना चढताना हृदयावर ‘स्ट्रेन’ येतो, ‘स्ट्रेस’ टाळायचा असतो, छातीत ‘अँजायना’ उद्भवते आणि तिच्या भीतीने ‘अँक्झायटी’ वाढते. स्ट्रेन आणि स्ट्रेस या दोन्हींसाठी माझ्या हाताशी ‘ताण’ हा एकच शब्द उरतो, आणि कॉन्स्ट्रिक्शनला ‘आकुंचन’ लिहिले की काही ओळींनी येणाऱ्या कॉन्ट्रॅक्शनलाही तेच लिहावे लागते.

या शब्दांचा अर्थ नेमका कळावा म्हणून व्युत्पत्तिकोश उघडला, तर त्यात डिस्ट्रिक्ट आणि प्रेस्टीज हे शब्दही कॉन्स्ट्रिक्टच्याच घराण्यात दाखवलेले आढळले. आवळण्याचा आणि जिल्ह्याचा किंवा प्रतिष्ठेचा संबंध कसा लागतो, दोरीला म्हणतात तो ‘स्ट्रिंग’ही याच मुळाचा आहे का, आणि अँजायना व अँक्झायटी यांचा या घराण्याशी काही संबंध आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद — कोशात रमणारा

आपल्या यादीत दोन निरनिराळी घराणी एकत्र आली आहेत. कॉन्स्ट्रिक्ट, रिस्ट्रिक्ट, स्ट्रेन आणि स्ट्रेस यांचे मूळ ‘स्ट्रिंगेरे’ या लॅटिन धातूत आहे. अँजायना आणि अँक्झायटी यांचे मूळ वेगळे आहे. त्याविषयी संस्कृत जाणणाऱ्या कोणी लिहिले तर अधिक बरे, कारण तो धागा आपल्या बाजूलाही येतो.

स्ट्रिंगेरे म्हणजे ओढून घट्ट करणे, आवळून बांधणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘स्ट्रिक्टुस’, म्हणजे आवळलेला. इंग्रजीतला स्ट्रिक्ट तो हाच. नियम स्ट्रिक्ट असतो तेव्हा त्यात सैलपणा ठेवलेला नसतो, आणि शिक्षकांना आपण ‘कडक’ म्हणतो तिथे इंग्रजी भाषा त्यांना ‘आवळलेले’ म्हणत असते. स्ट्रिंजंटही त्याच धातूचा.

या घराण्यातले बरेचसे शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आले, आणि आपल्या गोंधळाचे कारण बहुधा तिथेच आहे. एक वाट थेट ग्रांथिक लॅटिनची. तिने आलेल्या शब्दांत ‘स्ट्रिक्ट’ हा भाग जसाच्या तसा दिसतो: कॉन्स्ट्रिक्ट, रिस्ट्रिक्ट. दुसरी वाट जुन्या फ्रेंचमधून गेलेली. त्या बोलीत लॅटिनमधली व्यंजने झिजली आणि स्ट्रेन, कॉन्स्ट्रेन, रिस्ट्रेन, स्ट्रेट (सरळ नव्हे, अरुंद या अर्थाचा) अशी रूपे घडली. त्यामुळे रिस्ट्रिक्ट आणि रिस्ट्रेन मुळात एकच शब्द असूनही इंग्रजीने दोघांना वेगवेगळी कामे नेमून दिली. कॉन्स्ट्रिक्टमध्ये भोवतालच्या दाबाने वस्तू प्रत्यक्ष अरुंद होते. रिस्ट्रिक्टमध्ये कोणीतरी हद्द आखून देते, म्हणून मिठाबाबत ‘आवळा’ असे न म्हणता ‘मर्यादित ठेवा’ असेच म्हणावे लागेल. रिस्ट्रेन म्हणजे निघालेल्याला मागे खेचून आवरणे, आणि तिथे ‘रि’ या उपसर्गाचा ‘मागे’ हा अर्थ अजून जिवंत आहे. कॉन्स्ट्रेनमध्ये परिस्थितीच माणसाला भाग पाडते किंवा त्याचे हात बांधून ठेवते.

आता डिस्ट्रिक्ट. ‘डिस्ट्रिंगेरे’ म्हणजे मुळात खेचून वेगळे करणे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये याला कायदेशीर अर्थ आला: देणे चुकते करीत नाही त्याची मालमत्ता अडकवून ठेवून त्याला भाग पाडणे. सरंजामदाराला असा अधिकार ज्या प्रदेशात चालवता येई, तो त्याचा ‘डिस्ट्रिक्टुस’. जप्तीसाठीचा डिस्ट्रेन हा इंग्रजी शब्द त्याचाच भाऊ आहे आणि तो आपल्याकडे अजून वापरात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या इंग्रजी पाठात थकबाकीदाराची जंगम मालमत्ता अटकवून विकण्याच्या उपायासाठी ‘डिस्ट्रेंट’ हाच शब्द आहे, आणि हा उपाय योजण्याचा अधिकार डिस्ट्रिक्टच्या कलेक्टरकडे असतो. दोन्ही शब्द एकमेकांना ओळखत नसल्यासारखे एकाच कचेरीत नांदत आहेत, याची मला नेहमी गंमत वाटते.

डिस्ट्रेसही तिथूनच आला. त्याचा अर्थ जप्तीही होता आणि तिच्यासारख्या दडपणाखाली येणारी हलाखीही. त्याचे तोंड गळून जे उरले तो स्ट्रेस. मात्र त्याच्या घडणीत अरुंदपणा या अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दाचाही हात आहे. स्ट्रेस आणि स्ट्रेन यांची रेखीव वाटणी पदार्थविज्ञानाने केली, आणि १९व्या शतकाच्या मध्यास ती पक्की करणाऱ्यांत विल्यम रँकिन हे स्कॉटिश अभियंता होते. आपल्या पाठ्यपुस्तकांतले प्रतिबल म्हणजे स्ट्रेस, आणि त्यामुळे पदार्थाच्या आकारात होणारा बदल, म्हणजे विकृती, हा स्ट्रेन. शरीरशास्त्रात स्ट्रेस रुजवला तो हान्स सेल्ये यांनी. त्यांचा पहिला छोटा लेख १९३६ सालचा. इंग्रजीची बारीक जाण तेव्हा असती तर शरीरावर होणाऱ्या परिणामासाठी आपण स्ट्रेन हा शब्द घेतला असता, असे त्यांनी पुढे म्हटले होते. तेव्हा दोन्हींसाठी ‘ताण’ येतो याचे वैषम्य वाटून घेऊ नका. आपल्या पुस्तिकेत जिना चढताना हृदयाला ‘जादा श्रम पडतात’ आणि मनावर ‘ताण येतो’ असे लिहिले तर रुग्णाला दोन्ही नीट कळतील. विषाणूचा ‘स्ट्रेन’ कुठे आलाच, तर त्याला या घराण्यात घेऊ नये. तो जुन्या इंग्रजीतला संतती या अर्थाचा अस्सल जर्मानिक शब्द आहे, फक्त उच्चाराने जुळला.

प्रेस्टीजची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. ‘प्राय’ म्हणजे पुढे. ‘प्रायस्ट्रिंगेरे’ म्हणजे पुढून बांधणे, आणि डोळ्यांच्या संदर्भात ते दिपवून टाकणे. त्यावरून हातचलाखीला, नजरबंदीला ‘प्रायस्टिगिआय’ म्हणू लागले; त्यात एका ‘र’चा लोप झाला आहे. १७व्या शतकातल्या इंग्रजीत प्रेस्टीजचा अर्थ फसवणूक, गारुड्याची माया असाच होता. फ्रेंचमध्ये फसवी चमक, मग नुसती चमक, मग चमकणाऱ्याचा दबदबा असा तो सरकत गेला, आणि प्रतिष्ठेचा अर्थ इंग्रजीत १९व्या शतकात स्थिरावला.

दोरीचा ‘स्ट्रिंग’ मात्र लॅटिनमधून आलेला नाही. तो जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द आहे आणि स्ट्राँगचा नातेवाईक आहे. स्ट्रिंगेरेशी त्याचे दिसण्यातले साम्य कितीही मोहात पाडणारे असले, तरी कोशकार त्याची नोंद वेगळी करतात.

प्रतिसाद — हृद्गत

मी डॉक्टर आहे, त्यामुळे भाषेपेक्षा वापराविषयी लिहितो. आकुंचनाचा घोळ सोडवण्याची एक सोपी खूण आहे: कॉन्ट्रॅक्ट होतो तो स्नायू आणि कॉन्स्ट्रिक्ट होते ती पोकळी. धमनीच्या भिंतीत स्नायूंचे कडे असते. ते कडे आकसले की आतला मार्ग आवळला जातो. कॉन्ट्रॅक्ट हा शब्दही स्ट्रिंगेरेचा नसून ओढणे या अर्थाच्या ‘ट्राहेरे’ या धातूचा आहे, म्हणजे ट्रॅक्टरचा सोयरा. तेव्हा स्नायूसाठी ‘आकुंचन’ ठेवा आणि रक्तवाहिनीसाठी ‘आवळली जाणे’ असे क्रियापद वापरा. वाचणाऱ्याला हे दुसरे लगेच कळते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पुस्तिकेत ‘स्टेनोसिस’ आला असेल तर त्यासाठी आवळणे वापरू नये. अरुंद या अर्थाच्या ‘स्तेनोस’ या ग्रीक शब्दावरून तो घेतला आहे. स्टेनोग्राफी म्हणजे ‘अरुंद लिखाण’ असते ते त्याच ‘स्तेनोस’मुळे. स्टेनोसिसमध्ये आतल्या बाजूला चरबीयुक्त थर साचून वाहिनीचा मार्ग कायमचा अरुंद झालेला असतो, आणि तो आपोआप मोकळा होत नाही. कॉन्स्ट्रिक्शन मात्र तात्पुरते असू शकते. श्रमाने उद्भवणाऱ्या नेहमीच्या अँजायनाचे कारण बहुतेकांत पहिल्या प्रकारचे असते. रक्तवाहिनी अचानक आवळल्यामुळे, अनेकदा विश्रांतीच्या वेळी, होणाऱ्या वेगळ्या अँजायनाचे वर्णन मायरन प्रिन्झमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली केले. भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘आकुंचन’ आले तर रुग्णाला वाटते की गोळी घेतली म्हणजे नळी पुन्हा पहिल्यासारखी होईल, आणि तो पुढच्या तपासण्या टाळतो.

अँजायना हा शब्द मूळचा छातीचा नव्हेच, तो घशाचा. लॅटिनमध्ये घसा सुजून श्वास कोंडणाऱ्या दुखण्याला अँजायना म्हणत. विल्यम हेबर्डन यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १७६८ साली एक निबंध वाचला आणि तो १७७२ साली छापला गेला. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, छातीत कळ येते आणि उभे राहताच ती नाहीशी होते, असे त्यांनी त्यात नोंदवले. गळा दाबल्यासारखी भावना आणि तिच्यासोबत येणारी घालमेल पाहून या दुखण्याला ‘अँजायना पेक्टोरिस’, म्हणजे छातीची अँजायना, म्हणणे अयोग्य ठरणार नाही, असे त्यांनी सुचवले. दोष हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, तरी वर्णन इतके अचूक होते की नाव टिकले. माझे रुग्ण ‘दुखते’ असे क्वचितच म्हणतात. मूठ छातीच्या मध्यावर दाबून धरत ‘इथे आवळल्यासारखे होते’ किंवा ‘कोणीतरी पिळून काढतेय’ असे म्हणतात. आपल्या पुस्तिकेत हेच शब्द यावेत, असा माझा आग्रह राहील.

याच कामाचे आणखी दोन शब्द. अँस्ट्रिंजंट म्हणजे पेशीजाल आकसवणारा पदार्थ, आणि तो स्ट्रिंगेरेचाच. त्याला आपल्याकडे ‘तुरट’ हा चवीचाच शब्द आहे. दाढी करताना कापले की न्हावी तुरटीचा ओला खडा फिरवतो, त्वचा ताणल्यासारखी होते आणि बारीकसे रक्त थांबते. अँस्ट्रिंजंटचा अर्थ समजावण्यासाठी याहून वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. दुसरा शब्द शिंगल्स, म्हणजे आपली नागीण. तो कमरपट्टा या अर्थाच्या ‘किंगुलुम’ या लॅटिन शब्दापासून आला, आणि तिच्या वैद्यकीय नावातला ‘झोस्टर’ हा ग्रीक शब्दही पट्ट्याचाच. नागिणीने अंगाला पुरता वेढा घातला, तिचे तोंड आणि शेपूट एकत्र आले, की माणूस दगावतो, ही समजूत दवाखान्यात आजही ऐकू येते. पुरळ एका बाजूच्या मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठते, त्यामुळे सहसा ते शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही आणि वेढा पूर्ण होत नाही.

प्रतिसाद — अनुस्वार

पहिल्या प्रतिसादात उल्लेख झालेला अँजायना-अँक्झायटीचा दुसरा धागा मी पुढे नेतो.

‘आंगेरे’ या लॅटिन धातूचा अर्थ गळा दाबणे, कोंडणे. अँजायना याच कुळातली. त्यापासून ‘आंगुस्तुस’ म्हणजे अरुंद आणि ‘आंक्सिउस’ म्हणजे जीव घुसमटलेला, व्याकूळ. अँक्शस आणि अँक्झायटी हे या दुसऱ्याचे वंशज. पहिल्याच्या ‘आंगुस्तिया’ या नामापासून फ्रेंच ‘आंग्वास’ झाला, आणि त्याच्या जुन्या रूपावरून इंग्रजीतला अँग्विश. स्पॅनिश भाषेत ‘आंगोस्तो’ अजूनही साध्या अरुंद वाटेला म्हणतात. जर्मनमध्ये ‘एंग’ म्हणजे अरुंद आणि ‘आंग्स्ट’ म्हणजे भय. इंग्रजी अँगर हा स्कँडिनेव्हियातून, जुन्या नॉर्समधल्या ‘अंग्र’पासून आला. तिथे त्याचा अर्थ दुःख, क्लेश असा होता. इंग्रजीत आल्यावर दुखावलेपणाचा संताप झाला.

संस्कृतात याचे नातलग म्हणजे ‘अंहु’, अरुंद, आणि ‘अंहस्’, कोंडी, पीडा, आणि पुढे पाप. लॅटिनमधल्या ‘ग’च्या जागी संस्कृतात ‘ह’ कसा, असे कोणी विचारील. हा योगायोग नव्हे. चाटणे या अर्थाचा लॅटिन धातू ‘लिंगेरे’ आणि संस्कृत ‘लिह्’, ज्यावरून आपला अवलेह आला, यांच्यातही अगदी हाच फरक दिसतो. ऋग्वेदात देवांकडे अंहसातून सोडवण्याची प्रार्थना पुन्हा पुन्हा येते आणि तिच्या जोडीला ‘उरु’, म्हणजे विस्तीर्ण, मोकळी जागा मागितलेली असते. गुरे घेऊन फिरणाऱ्या समाजाला अरुंद खिंडीची भीती आणि मोकळ्या कुरणाची ओढ वाटणे स्वाभाविक होते, आणि ‘अंहस्’चा नुसता ‘पाप’ असा अर्थ घेऊन त्या ऋचा वाचल्या की त्यांतला हा भूगोल हरवतो, असे माझे मत आहे.

अंहस् मराठीत उतरला नाही. पण तोच प्रवास दुसऱ्या शब्दांनी आपल्याकडे केला आहे. ‘संकट’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ चिंचोळा, दाटीचा, आणि नाम म्हणून अरुंद वाट असा आहे. विपत्ती हा अर्थ त्यावरून आला. ‘अडचण’ तर दोन्ही अर्थांनी रोज वापरात आहे. कपाट आणल्यामुळे खोलीत अडचण होते, आणि पगार लांबल्यामुळे घरात अडचण होते. कोंडी, गळचेपी, घुसमट, कोंडमारा हे शब्द जागेसाठीही चालतात आणि मनासाठीही.

इंग्रजीतला ‘वरी’ हा काळजी करण्याचा शब्दही मूळचा गळा दाबण्याचाच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गळा घोटणे असा होता, आणि जर्मन ‘व्युर्गेन’चा तो आजही आहे. मध्ययुगात तो कुत्र्या-लांडग्यांनी मेंढीचा गळा दातांत धरून झिंजाडण्यासाठी आला. पुढे माणसांनी एकमेकांना छळण्यासाठी, आणि १९व्या शतकात माणसाने स्वतःच्याच मनाला कुरतडत बसण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. आंगेरेशी त्याचे नाते नाही. दोन असंबद्ध मुळे एकाच अर्थापाशी पोहोचली आहेत, म्हणूनच मला हा दाखला अधिक मोलाचा वाटतो.

प्रतिसाद — बांधावरचा

थोडक्यात एक पुस्ती. ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ हे नाव लिनियसने १७५८ साली दिले, आणि त्यातला ‘आवळणारा’ हा शब्द स्ट्रिंगेरेचाच. वेटोळ्यांनी सावजाचा श्वास कोंडून हा साप त्याला मारतो, असे वर्षानुवर्षे लिहिले जाई. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांवर मोजमाप घेतले, तेव्हा काही सेकंदांतच धमनीतला रक्तदाब कोसळतो आणि रक्ताभिसरणच बंद पडते, असे दिसले. म्हणजे इथेही खरा प्रकार रक्तवाहिन्या आवळण्याचाच आहे. आपला अजगर मात्र पायथॉन कुळातला आहे, त्याला बोआ म्हणू नये.

बोआ या नावाविषयी रोमन लेखक प्लिनी सांगतो की हे साप गाईचे दूध पितात, म्हणून ‘बोस’ म्हणजे गाय यावरून ते पडले. गाईच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते, हे आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात ऐकायला मिळते. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढून घेण्याजोगी नसते, त्यामुळे दोन्हीकडची समजूत सारखीच निराधार आहे.

भाषांतरवाली

सर्वांचे मनापासून आभार. अरुंद होणे आणि आवळले जाणे यांतला फरक पुस्तिकेत आता सर्वत्र पाळीन, आणि ‘आवळल्यासारखे’ हा रुग्णांचा शब्द तर पहिल्याच पानावर घेते. एक शंका राहिली. ‘स्ट्रेट’ म्हणजे सरळ आणि ‘स्ट्रेट’ म्हणजे सामुद्रधुनी, यांचा उच्चार एकच आहे. स्ट्रेटजॅकेटमधला स्ट्रेट यांपैकी कोणता?

प्रतिसाद — कोशात रमणारा

तो सामुद्रधुनीचा, म्हणजे अरुंद आणि आवळलेला. सरळ या अर्थाचा शब्द ‘स्ट्रेच’चे जुने धातुसाधित आहे आणि तो अस्सल इंग्रजी आहे, त्याच्या लेखनात ‘जीएच’ येतात, याच्या लेखनात येत नाहीत. हा दुसरा शब्द स्ट्रिक्टुसचेच फ्रेंचमध्ये झिजलेले रूप आहे. जिब्राल्टर, मलाक्का किंवा पाल्क इथे दोन किनाऱ्यांनी समुद्राला आवळलेले असते, म्हणून त्या सामुद्रधुन्या स्ट्रेट. पैशाच्या ओढाताणीत सापडलेला माणूस ‘डायर स्ट्रेट्स’मध्ये असतो, तो याच अर्थाने, आणि अनुस्वार यांनी सांगितलेल्या ‘संकट’चा हा अगदी जुळा शब्द म्हणता येईल.

इंग्रज स्वतःही या दोघांत चुकतात. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानात, जीवनाकडे नेणारे द्वार ‘स्ट्रेट’ आणि वाट अरुंद असल्याचे म्हटले आहे. तिथला स्ट्रेट चिंचोळाच आहे, पण पुढे लोकांनी त्याचा ‘सरळ’ करून ‘सरळ आणि अरुंद मार्ग’ असा वाक्प्रचार रूढ केला. काचोळीच्या नाड्या घट्ट ओढून घेणाऱ्यांवरून सोवळ्या वृत्तीच्या माणसांना ‘स्ट्रेट-लेस्ड’ म्हणू लागले. तोही शब्द आता बरेच जण सरळच्या स्पेलिंगने लिहितात, आणि कित्येक कोशांनी ते पर्यायी लेखन म्हणून स्वीकारलेही आहे.